तेजस्विता फलन प्रत्येक पद्धतीने वेगळं येतंय? आधी कोणाचं कोणाशी जुळत नाही ते पाहा

तक्रार ठरलेली असते. स्लोन या आकाश-सर्वेक्षणाचा कॅटलॉग उतरवून घेतला, आर पट्टीत (लाल प्रकाशात) १७.७७ प्रतीची मर्यादा लावली (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा लहान तितकं तेज जास्त), रेडशिफ्टवरून (प्रकाश लाल टोकाकडे किती सरकला त्यावरून) अंतरं आणि निरपेक्ष प्रती (अंतर वगळून खरं तेज) काढल्या आणि दीर्घिकांचं तेजस्विता फलन, म्हणजे कोणत्या तेजाच्या दीर्घिका दर घनफळात किती, ते मांडलं. १/व्हीमॅक्स या पद्धतीने काढलं तर मधे एक उंचवटा दिसतो आणि मंद टोक वर उचललेलं असतं. तोच नमुना एसटीवाय या दुसऱ्या पद्धतीला दिला तर वक्र गुळगुळीत येतो आणि अल्फा (मंद टोकाचा उतार) -१ च्या आसपास. एसडब्ल्यूएमएल या तिसरीचे बिंदू कधी याच्या बाजूने, कधी त्याच्या. मग प्रश्न येतो, "यातली बरोबर पद्धत कोणती?" आणि पुष्कळदा छापील आकड्यांच्या जवळ जाणारी पद्धत ठेवून बाकीच्या गाळल्या जातात.

हा मार्ग सोडा, असं मी कळकळीने सांगेन. या पद्धती एकमेकींना पर्याय वाटत असल्या तरी प्रत्येकीचं गृहीतक वेगळं आहे. त्यामुळे दोन पद्धती कुठे फुटतात, कोणत्या प्रतीपासून फुटतात आणि कोणत्या दिशेने फुटतात, यावरून तुमच्या नमुन्यात काय बिनसलंय ते शोधता येतं. फरक दिसला की तो मिटवायची घाई न करता आधी तो वाचायचा.

कोण काय गृहीत धरतं

१/व्हीमॅक्सची कल्पना मार्टेन श्मिट यांनी १९६८ मध्ये क्वेसारांसाठी वापरली. प्रत्येक दीर्घिका सर्वेक्षणाच्या मर्यादेत राहून जास्तीत जास्त किती घनफळात दिसली असती ते (व्हीमॅक्स) काढायचं आणि तिला त्याच्या व्यस्त प्रमाणात वजन द्यायचं. हिशोब सोपा, आकार आणि घनता दोन्ही एकदमच मिळतात. पण यात दीर्घिका अवकाशात सगळीकडे सारख्या पसरलेल्या आहेत असं धरलेलं असतं, आणि त्या तशा नाहीत.

सँडेज, टामान आणि याहिल यांची १९७९ ची एसटीवाय पद्धत प्रश्नच वेगळा विचारते: या रेडशिफ्टला दिसू शकणाऱ्या सगळ्या दीर्घिकांमध्ये नेमकी एवढ्या तेजस्वितेची सापडण्याची संभाव्यता किती? वर फलनाची त्या दीर्घिकेपाशी असलेली किंमत, खाली त्या रेडशिफ्टला दिसू शकणाऱ्या किमान तेजस्वितेपासून वरचं एकूण फलन. त्या जागची घनता वर आणि खाली दोन्हीकडे येते आणि कटते. म्हणून दीर्घिकांचे समूह असोत की पोकळ्या, आकारावर परिणाम होत नाही. बदल्यात दोन गोष्टी द्याव्या लागतात. फलनाचं सूत्र आधीच ठरवावं लागतं, बहुतेक वेळा शेख्टर यांनी १९७६ मध्ये मांडलेलं. त्यात तीन आकडे: अल्फा, एम-स्टार म्हणजे ज्या प्रतीपासून तेजस्वी बाजूला वक्र कोसळतो ती प्रत, आणि फाय-स्टार म्हणजे एकूण घनतेचं माप. आणि घनताच कटल्यामुळे फाय-स्टार मिळत नाही, तो मागून वेगळा काढावा लागतो.

एफस्टॅथिऊ, एलिस आणि पीटरसन यांनी १९८८ मध्ये एसडब्ल्यूएमएल आणली. लाइकलिहूड (नमुना असाच मिळण्याची एकूण संभाव्यता) तोच, फक्त सूत्राच्या जागी पायऱ्या. लिंडन-बेल यांची १९७१ ची सी-मायनस पद्धत तर प्रतींचे कप्पे, म्हणजे बिनसुद्धा मागत नाही. निरपेक्ष प्रत आणि अंतर यांच्या आलेखावर प्रत्येक बिंदूसाठी ती दीर्घिका जिथवर दिसली असती त्या चौकटीतले, तिच्याहून तेजस्वी बिंदू मोजत ती संचयी फलन उभं करते.

एसटीवाय, एसडब्ल्यूएमएल आणि सी-मायनस या तिघींत एक गृहीतक समान आहे: घनता जागोजागी बदलली तरी फलनाचा आकार बदलत नाही.

आता हे उलटं वाचा. १/व्हीमॅक्स आणि एसडब्ल्यूएमएल फुटले तर संशय घनतेच्या चढउतारांवर. एसडब्ल्यूएमएल आणि एसटीवाय फुटले तर घनता सुटली, कारण दोघांतूनही ती कटलेली आहे, संशय सूत्रावर. तिन्ही एकमेकांशी जुळतात पण छापील आकड्यांशी जुळत नाहीत, तर पद्धतींना हात लावू नका. एकक, पट्टी किंवा प्रतींमध्ये शोधा. आणि पूर्ण नमुन्यावर तिन्ही जुळतात पण जवळचा आणि लांबचा अर्धा वेगवेगळा घेतला की आकार बदलतो, तर उत्क्रांती किंवा अपूर्णता.

एककं: सगळ्यांत आधी, आणि पटकन

ब्लँटन आणि सहकाऱ्यांचं २००३ चं स्लोनचं मोजमाप बहुतेक जण तुलनेला घेतात. त्यात आर पट्टीसाठी एम-स्टार -२०.४४, अल्फा -१.०५ आणि फाय-स्टार दर घन मेगापार्सेकला ०.०१४९ आहे, पण हे आकडे एच = १, म्हणजे हबल स्थिरांक (विश्वाच्या प्रसरणाचा दर) १००, धरून. हबल स्थिरांक ७० घेणाऱ्याला एम-स्टार -२१.२१ च्या आसपास यायला हवा आणि फाय-स्टार ०.००५१. तुमचा एम-स्टार ०.७७ ने "चुकत" असेल तर तो चुकलेला नाही.

शिवाय ती पट्टी ०.१ रेडशिफ्टला सरकवलेली आहे. तिथे बसलेल्या दीर्घिकेसाठी के-दुरुस्ती (रेडशिफ्टमुळे पट्टीत वर्णपटाचा वेगळा भाग येतो त्याची भरपाई), वर्णपट कसाही असो, बरोबर उणे २.५ लॉग १.१ म्हणजे सुमारे -०.१० येते. शून्य रेडशिफ्टच्या पट्टीतले तुमचे आकडे याच्याशी थेट ताडून पाहू नका. फलन दर प्रतीमागे आहे की तेजस्वितेच्या नैसर्गिक लॉगमागे की दशमान लॉगमागे, तेही पाहा. पहिल्या दोघांत ०.९२१ चा गुणक आहे, पहिल्या आणि तिसऱ्यात २.५ चा. सगळा वक्र एकसारखा वर किंवा खाली गेला असेल तर चूक बहुधा इथेच असते.

के-दुरुस्तीची एक चूक मात्र आकारात शिरते. व्हीमॅक्स काढताना दीर्घिका काल्पनिकरीत्या लांब सरकवायची असते, तेव्हा तिची के-दुरुस्तीही त्या नव्या रेडशिफ्टची हवी. बऱ्याच कोडमध्ये ती निरीक्षणाच्या रेडशिफ्टचीच राहून जाते. लाल दीर्घिकांत ही दुरुस्ती रेडशिफ्टबरोबर भराभर वाढते, म्हणून फटका तेजस्वी टोकाला बसतो.

आतली सीमा विसरली की मंद टोक कोसळतं

यावर थोडं थांबू, कारण ही चूक कोडमध्ये दिसत नाही आणि आलेखावर खऱ्या भौतिक परिणामासारखी दिसते.

समजा, स्थानिक गतींचा (दीर्घिकांच्या स्वतःच्या हालचालींचा) त्रास नको म्हणून तुम्ही रेडशिफ्ट ०.०२ च्या खालच्या दीर्घिका काढून टाकल्या. चांगला निर्णय. आता -१७.१ निरपेक्ष प्रतीची दीर्घिका घ्या. १७.७७ च्या मर्यादेत ती सुमारे ९४ मेगापार्सेकपर्यंत दिसते, म्हणजे हबल स्थिरांक ७० धरला तर रेडशिफ्ट ०.०२१६ पर्यंत. तिला मिळणारं खरं घनफळ ०.०२ ते ०.०२१६ एवढ्या पातळ कवचाचं आहे. कोडने शून्यापासून मोजलं तर घनफळ जवळजवळ पाचपट मोठं येतं आणि त्या प्रतीचं फलन तेवढंच खाली जातं. तेजस्वी दीर्घिकांना काहीच होत नाही, कारण त्यांच्या प्रचंड घनफळात आतला गोळा नगण्य असतो. परिणाम असा की फलन नेमकं मंद टोकाला सुंदर वळण घेऊन खाली येतं आणि कोणीतरी त्यावर बुटक्या दीर्घिकांच्या अभावाचा परिच्छेद लिहितो.

सीमा बरोबर वजा केली तरी कडेचा बिंदू वापरू नका. त्याच उदाहरणात प्रत ०.०५ ने हलली तर पातळ कवचाचं घनफळ एक तृतीयांशाने बदलतं. शेवटच्या अर्ध्या प्रतीचे बिंदू मी आलेखात ठेवत नाही. बिन स्वतःच मर्यादेने तिरका कापला जात असेल तर पेज आणि कॅरेरा यांची २००० मधली सुधारणा वापरा. तिच्यात बिनमधली संख्या त्या बिनच्या खरोखर उपलब्ध असलेल्या भागाने भागली जाते.

एसडब्ल्यूएमएलमध्ये याच जागी वेगळा बिघाड होतो. मर्यादा एखाद्या पायरीच्या मधून जाते तेव्हा तिचा किती हिस्सा दिसतो हे सांगणारं उताराचं फलन मूळ पद्धतीत आहे. ते गाळून "पायरी पूर्ण दिसते" किंवा "दिसत नाही" असं लिहिलं की सगळ्यांत मंद दोन-तीन पायऱ्या वेड्यावाकड्या होतात. पायरीची रुंदी अर्धी करून पुन्हा चालवा. आकार बदलला तर दोष इथे आहे.

मधला उंचवटा

१/व्हीमॅक्समध्ये -२० च्या आसपास उंचवटा आणि एसडब्ल्यूएमएलमध्ये तो नाही. स्लोनच्या नमुन्यात हे अगदी नेहमीचं आहे आणि याचा शोध नीट घेता येतो.

उंचवटा ज्या निरपेक्ष प्रतीला आहे ती घ्या आणि त्या प्रतीची दीर्घिका कोणत्या रेडशिफ्टपर्यंत दिसते ते काढा. -२०.१ साठी, के-दुरुस्ती धरून, उत्तर ०.०८ च्या आसपास येतं. आता नमुन्याचा रेडशिफ्टचा हिस्टोग्राम काढा. ०.०८ ला शिखर दिसेल. ती स्लोनची महाभिंत, दीर्घिकांची अजस्र दाट रचना. भिंत ज्यांच्या पोहोचीच्या जेमतेम आत येते त्या दीर्घिकांची संख्या भिंतीमुळे फुगते, पण घनफळ सरासरी घनतेचं धरलेलं असतं. त्याहून मंद दीर्घिका भिंतीपर्यंत पोहोचतच नाहीत. त्याहून पुष्कळ तेजस्वी दीर्घिकांच्या मोठ्या घनफळात भिंत विरघळून जाते. उंचवटा मधेच येतो तो यामुळे.

खात्री करायची असेल तर एक तपासणी मला फार भरवशाची वाटते. मर्यादा १७.७७ वरून १७.० वर आणा आणि १/व्हीमॅक्स पुन्हा चालवा. भिंत आकाशात जिथे होती तिथेच आहे, म्हणजे तिचं अंतर बदललेलं नाही. पण त्या अंतरावर दिसणारी सगळ्यांत मंद दीर्घिका आता ०.७७ ने जास्त तेजस्वी आहे. उंचवटा भिंतीचा असेल तर तोही ०.७७ ने सरकून -२०.९ च्या आसपास जाईल. फलनाचं ते खरं वैशिष्ट्य असेल तर जागचं हलणार नाही. लाइकलिहूडची कोणतीही आकडेमोड न करता निदान हातात येतं.

निदान झाल्यावर उपाय सोपा: आकार एसडब्ल्यूएमएल किंवा सी-मायनसने काढा. १/व्हीमॅक्सच वापरायची असेल, आणि स्पेक्ट्रम रेषांची किंवा रंगांची वजनं सांभाळताना ती सोयीची पडते हे खरं, तर घनतेच्या चढउतारांनी घनफळाला वजन द्या. कोल यांची २०११ ची संयुक्त पद्धत हेच काम शिस्तीत करते: तेजस्विता फलन आणि रेडशिफ्टनुसार घनता, दोन्ही एकत्र काढते.

मंद टोकाची उचल: खरी की खोटी

इथे खरं-खोटं वेगळं करणं सगळ्यांत अवघड आहे, कारण खरी उचल आहेच. स्लोनच्याच अगदी जवळच्या दीर्घिकांवर ब्लँटन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये काम केलं, तेव्हा मंद टोकाचा उतार एका शेख्टर सूत्रात मावला नाही. दुसरं पद जोडावं लागलं, आणि पृष्ठतेजस्विता (आकाशाच्या दर चौरस भागातलं तेज) कमी असल्यामुळे हुकलेल्या दीर्घिकांचा हिशोब धरला तर उतार -१.५ च्या आसपास किंवा त्याहून तीव्र असू शकतो असं दिसलं. म्हणजे पूर्ण नमुन्यावर एसटीवायने दिलेला -१.०५ हा प्रामुख्याने एम-स्टारच्या आसपासच्या दीर्घिकांनी ठरवलेला आकडा आहे. संख्या त्यांचीच प्रचंड असते. -१६ च्या दीर्घिकांना त्या लाइकलिहूडमध्ये आवाज नाही.

म्हणून एसटीवायचा वक्र एसडब्ल्यूएमएलच्या बिंदूंच्या खालून जात असेल तर सूत्र बदला, दुहेरी शेख्टर लावा. नुसत्या एसटीवायमधून हे कधीच कळणार नाही, कारण सर्वोत्तम जुळणी ती नेहमी देते. जुळणी चांगली आहे का हे ती सांगत नाही. १९८८ च्या त्याच लेखात दोघांच्या लाइकलिहूडच्या गुणोत्तराची कसोटी दिलेली आहे. ती न लावता एसटीवायचा अल्फा छापू नये असं माझं ठाम मत आहे. आणि छापताना अल्फा आणि एम-स्टारच्या त्रुटी सुट्या देऊ नका. दोघं घट्ट बांधलेले असतात. एम-स्टार तेजस्वी झाला की अल्फा तीव्र होतो. समोच्च रेषांचं चित्र द्या.

आता खोटी उचल. व्हीमॅक्स दर प्रतीमागे जवळजवळ चौपट बदलतो, म्हणून -१४ च्या एका दीर्घिकेचं वजन -१६ च्या दीर्घिकेच्या सोळापट. एवढ्या वजनाची नोंद खोटी निघाली तर सगळं टोक खोटं. तेव्हा नमुना वजनाने उतरत्या क्रमाने लावा आणि वरच्या पन्नासेक नोंदींची चित्रं एकेक करून डोळ्यांनी पाहा. स्लोनचं सॉफ्टवेअर जवळच्या मोठ्या सर्पिल दीर्घिकेचे तुकडे पाडतं. बाहूवरचा एखादा तेजस्वी हायड्रोजन मेघ स्वतंत्र "दीर्घिका" म्हणून कॅटलॉगात येतो. रेडशिफ्ट मोठ्या दीर्घिकेचीच असते, त्यामुळे संख्यांमध्ये संशय घ्यायला जागा राहत नाही. चित्रात एका नजरेत कळतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि कोणतीही संख्याशास्त्रीय पद्धत ते तुमच्यासाठी करू शकत नाही.

दुसरं कारण स्थानिक गती. -१४ ची दीर्घिका १७.७७ च्या मर्यादेत जेमतेम २३ मेगापार्सेकपर्यंत दिसते, म्हणजे सेकंदाला सुमारे १,६०० किलोमीटर. तिची स्वतःची गती ३०० असेल तर अंतर १९ टक्के चुकतं, निरपेक्ष प्रत ०.४ च्या आसपास सरकते आणि व्हीमॅक्स १.७ पट. शिवाय कन्या समूह १६-१७ मेगापार्सेकवर, याच पट्ट्यात. इथे एसडब्ल्यूएमएलही निर्धास्त नाही. घनता कटते हे खरं, पण मंद दीर्घिका जर मुख्यतः एका समूहाच्या परिसरातून येत असतील आणि तिथे फलनाचा आकारच वेगळा असेल, तर समान गृहीतक मोडतं. समूहाचा भाग वगळून पुन्हा चालवा. एसडब्ल्यूएमएल बदलली तर अंतरं गतींच्या प्रारूपावरून घ्या आणि तरीही भागत नसेल तर मर्यादा ठरवा: माझं मोजमाप या प्रतीपर्यंत विश्वासार्ह, त्यापुढे नाही.

उलट बाजूला, उचल असायला हवी तिथे ती नसेल तर पृष्ठतेजस्विता आठवा. स्लोनच्या मुख्य नमुन्यात अर्ध्या प्रकाशाच्या वर्तुळातली सरासरी पृष्ठतेजस्विता दर चौरस आर्कसेकंदाला २४.५ प्रतीहून फिकट असलेल्या दीर्घिका घेतलेल्याच नाहीत. मंद दीर्घिका फिकटही असतात. जी दीर्घिका कॅटलॉगात नाही तिला वजन देता येत नाही. त्यासाठी तेजस्विता आणि पृष्ठतेजस्विता यांचं द्विचल फलन काढावं लागतं.

तेजस्वी टोक

घातांकीय उतारावर मोजमापातली छोटी त्रुटीही मंद बाजूकडून जास्त दीर्घिका तेजस्वी बाजूला ढकलते, कारण तिकडे त्या जास्त आहेत. एडिंग्टन यांनी १९१३ मध्ये दाखवलेला हा कल. एम-स्टारपेक्षा दोन प्रती तेजस्वी जागी ०.१ प्रतीची त्रुटी असेल तर फलन सुमारे १५ टक्क्यांनी फुगतं, ०.३ असेल तर दुपटीच्या वर.

स्पेक्ट्रमवरच्या रेडशिफ्टमध्ये याची फार काळजी नाही. फोटोमेट्रिक रेडशिफ्ट (नुसत्या रंगांवरून अंदाजलेली) वापरता तेव्हा मात्र हाच मुख्य शत्रू. ०.१ रेडशिफ्टला ०.०२ ची त्रुटी म्हणजे निरपेक्ष प्रतीत ०.४३. अशा नमुन्यावर १/व्हीमॅक्स की एसटीवाय हा वाद निरर्थक आहे. दोघांनाही त्रुटीचं वितरण लाइकलिहूडच्या आत घालून द्यावं लागेल. केली, फॅन आणि व्हेस्टरगार्ड यांनी २००८ मध्ये मांडलेली बेझियन पद्धत या कामाला चांगली बसते.

प्रतीच्या व्याख्येचाही इथे परिणाम दिसतो. पेट्रोसियन प्रत (ठरावीक वर्तुळातला प्रकाश मोजून काढलेली) लंबवर्तुळाकार दीर्घिकांचा सुमारे पाचवा हिस्सा प्रकाश सोडून देते, तबकडीच्या दीर्घिकांचा जवळजवळ सगळा पकडते. तेजस्वी टोकाला लंबवर्तुळाकारच जास्त. त्यामुळे पेट्रोसियन आणि प्रारूप-प्रत (प्रकाशाच्या पसरणीवर सूत्र बसवून काढलेली) यांनी काढलेली दोन फलनं याच टोकाला फुटतात आणि पद्धत बदलून ती जुळत नाहीत.

सी-मायनस वापरणाऱ्यांसाठी: सगळ्यांत तेजस्वी एखाद-दोन दीर्घिकांच्या चौकटीत दुसरा बिंदूच नसेल तर भागाकारात शून्य येतं आणि संचयी फलन उडतं. तिथून सुरुवात न करता चौकटीत पुरेसे बिंदू असतील तिथून करा.

जवळचं आणि लांबचं जुळत नाही

रेडशिफ्ट ०.१ च्या अलीकडचा आणि पलीकडचा नमुना वेगवेगळा चालवा. दोन्हींत समान असलेल्या प्रतींच्या पट्ट्यात लांबचा नमुना तेजस्वी दिसत असेल तर उत्क्रांती: मागे पाहताना तारे तरुण होत जातात. ती न धरता सगळा नमुना एकत्र केला की तेजस्वी दीर्घिका लांबून, मंद जवळून येतात आणि दोन काळांची फलनं एका वक्रात शिवली जातात. स्लोनचे २००१ चे आकडे आणि २००३ चे आकडे वेगळे आले त्यामागे मोठं कारण हेच होतं. एम-स्टार रेडशिफ्टबरोबर सरकू द्या आणि तो सरकण्याचा वेग लाइकलिहूडमध्येच जुळवा.

पण त्याआधी अपूर्णता तपासा, कारण ती उलट दिशेने ओढते. व्ही/व्हीमॅक्सची (दीर्घिकेपर्यंतचं घनफळ भागिले व्हीमॅक्स) सरासरी ०.५ यायला हवी, त्रुटी एक भागिले १२-एनचं वर्गमूळ (एन म्हणजे दीर्घिकांची संख्या). ३०० दीर्घिकांसाठी ती ०.०१७, सरासरी ०.४४ आली तर योगायोग म्हणून सोडता येणार नाही. अर्थात जवळ एखादा समूह असेल तरी ती खाली येते, म्हणून ही कसोटी एकटी पुरत नाही. रौझी यांची २००१ ची कसोटी घनतेच्या चढउतारांवर अवलंबून नाही. मर्यादा पायरीपायरीने मंद करत न्या आणि कसोटीचा आकडा कुठे उणे बाजूला कोसळतो ते पाहा. तीच तुमची खरी मर्यादा, कागदोपत्री १७.७७ असली तरी.

स्लोनच्या एका प्लेटवर दीर्घिकांचा प्रकाश पकडणारे दोन फायबर ५५ आर्कसेकंदांहून जवळ बसत नव्हते आणि त्यामुळे सुमारे ६ टक्के लक्ष्यांचे स्पेक्ट्रम सुटले. ते दाट जागीच सुटतात. शेजाऱ्याला त्याचं वजन द्या.

फाय-स्टार आणि त्रुटीच्या रेषा

एसटीवाय किंवा एसडब्ल्यूएमएलने आकार मिळाला की डेव्हिस आणि हुक्रा यांनी १९८२ मध्ये तपासलेल्या घनता-अंदाजकांपैकी एक वापरून घनता काढा. सोपा प्रकार म्हणजे एकूण दीर्घिका भागिले निवड-फलनाचं (त्या अंतरावर दीर्घिकांचा किती हिस्सा दिसतो त्याचं) घनफळावरचं समाकलन. लांबच्या टोकाला निवड-फलन इतकं लहान होतं की तिथल्या दोन-चार दीर्घिका उत्तर हलवतात, तेव्हा वरची सीमा ठेवा आणि ती बदलून उत्तर किती हलतं ते नोंदवा.

त्रुटीसाठी दीर्घिका एकेक करून बूटस्ट्रॅप करणं (नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने उचलणं) पुरत नाही. त्यातून फक्त मोजणीचा गोंगाट कळतो. भिंत किंवा पोकळी तुमच्या क्षेत्रात आली हा योगायोग कळत नाही. सर्वेक्षणाचं आकाश समान क्षेत्रफळाच्या पंधरा-वीस तुकड्यांत विभागा आणि एकेक तुकडा वगळून सगळी प्रक्रिया, फाय-स्टारसकट, पुन्हा चालवा. त्रुटीच्या रेषा लांबतील. त्या तेवढ्याच लांब असायला हव्या होत्या. एसडब्ल्यूएमएलच्या पायऱ्यांच्या त्रुटी एकमेकींशी जोडलेल्या असतात, म्हणून सहविचरणाचा (कोणती त्रुटी कोणाबरोबर हलते त्याचा) पूर्ण तक्ता जपून ठेवा. नंतर कोणी तुमच्या बिंदूंवर सूत्र बसवेल तेव्हा त्याला तो लागेल.

दोन मर्यादा असतील तर

पुण्यात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो, कारण खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा कॅटलॉग घेऊन तो स्लोनच्या रेडशिफ्टशी जोडणारे पुष्कळ आहेत. इथे दीर्घिका दोन चाळण्यांतून आलेली असते: रेडिओ प्रवाहाची मर्यादा आणि प्रकाशीय प्रत. व्हीमॅक्स दोन्हींपैकी जी आधी थांबवते तिचा. रेडिओची एकटीच मर्यादा लावली तर घनफळ मोठं येतं आणि फलन खाली जातं, विशेषतः जिथे रेडिओ तेजस्वी पण प्रकाशात मंद असे स्रोत आहेत तिथे. के-दुरुस्तीही दोन वेगळ्या: रेडिओची वर्णपटाच्या घातांकावरून, प्रकाशीय रंगांवरून. एसटीवाय वापरायची तर लाइकलिहूडही द्विचल हवा, नाहीतर रेडिओ आणि प्रकाशीय तेजस्विता एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं नकळत धरलं जातं.

पद्धत चालते हे कसं ठरवायचं

खऱ्या डेटावर चालवण्याआधी कृत्रिम नमुना करा. विल्मर यांनी १९९७ मध्ये आणि ताकेउची व सहकाऱ्यांनी २००० मध्ये या पद्धतींची तुलना अशीच केली होती. माहीत असलेल्या एम-स्टार आणि अल्फाच्या शेख्टर फलनातून दीर्घिका काढा, एकसारख्या पसरवा, १७.७७ ची मर्यादा लावा. मोठ्या नमुन्यावर सगळ्या पद्धती टाकलेल्या किमती परत देतात का? देत नसतील तर चूक कोडमध्ये आहे आणि खऱ्या आकाशाकडे जायची वेळ आलेली नाही. मग ०.०८ ला एक जाड भिंत घाला. १/व्हीमॅक्स कुठे उचलते ते पाहा. मग ०.१ प्रतीची त्रुटी घाला, मग एम-स्टार रेडशिफ्टबरोबर हलवा. एका वेळी एकच गोष्ट बिघडवत गेलात की प्रत्येक बिघाड आलेखावर कसा दिसतो ते डोळ्यांत बसतं.

आणि एवढं करूनही दोन पद्धती एखाद्या पट्ट्यात जुळल्या नाहीत, तर दोन्ही वक्र एकाच आलेखावर छापा आणि कोणत्या प्रतीपासून, कोणत्या तपासण्या केल्यावरही फरक राहिला ते खाली लिहा. तुमचा नमुना पुढे वापरणाऱ्याला ते एका अल्फापेक्षा जास्त उपयोगी पडतं.